दगड ओला करून दाखवणाऱ्या बाई

सन २०१४. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होतो. माझ्या वयाचे ड्रायव्हर गाडी पोराच्या हाती देऊन घरी बसले होते, मी बसलो नव्हतो. घरचे म्हणत, आता पुरे. मी म्हणायचो, ज्या दिवशी ब्रेक माझं ऐकणार नाही त्या दिवशी पाहू. घर कामठीला, गाडी उभी करायची जागा जरीपटक्याच्या बाजाराजवळ. लग्नाचे पाहुणे, शाळेच्या सहली, रामटेकचं दर्शन, जे मिळेल ते न्यायचं.

त्या हिवाळ्यात गजभिये बाई माझ्या गाडीपाशी आल्या.

मी चौथी शिकलेला माणूस, लिहिणं माझं काम नाही. पण मागच्या महिन्यात पानठेल्यावर एक जण म्हणाला, त्या बाईनं स्वतः सगळं पाहून घेतलं आणि पब्लिकसाठी वर माती टाकली. त्याला मी तिथंच उत्तर दिलं, ते छापण्यासारखं नाही. बाई आता नाहीत. चंद्रपूरला बहिणीकडे गेल्या होत्या, तिथंच वारल्या. त्यांच्यामागं त्यांची बाजू मांडणारं घरात कोणी नाही. म्हणून हे लिहितो.

बाई कॉलेजात दगडांचा विषय शिकवायच्या. दगडांचा विषय असतो हे मला तेव्हाच समजलं. उंची कमी, रंग काळासावळा, सुती साडी आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात एक भिंग आणि पाण्याच्या दोन बाटल्या, एक स्वतःला प्यायची आणि एक दगडाची. दगडाची बाटली कोणी प्यायलेलं त्यांना चालायचं नाही. एकदा एका पोरीनं उन्हात तहान लागली म्हणून तोंडाला लावली, तर बाई म्हणाल्या, "तू माझं पाणी पी. ते त्याचं आहे." असं सांगत की दगड जणू घरी जेवायला येणार आहे.

गाडीत त्या नेहमी पुढं, माझ्या बाजूच्या सीटवर बसायच्या. रस्ता खोदलेला दिसला, कुठं टेकडी कापलेली दिसली, की "भाऊ, हळू" म्हणायच्या. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायच्या आणि बाई खिडकीतून मान बाहेर काढून कापलेल्या मातीकडे पाहत राहायच्या. मी कुरकुर करायचो. त्यावर म्हणायच्या, "तुम्ही लग्नाच्या मांडवासमोर नाही का हळू करत? हे पण कोणाच्या तरी घरचं कार्य आहे."

पहिल्या दिवशी त्यांनी मला एका गावाबाहेरच्या टेकडीवर न्यायला लावलं. गावाचं नाव मी लिहीत नाही. त्या टेकडीजवळून मी किती वेळा गेलो असेन. माझ्या लेखी ती शेळ्या चारायची जागा. सोबतची कॉलेजची पोरं वर चढली, मी गाडीत झोपणार होतो, पण बाईंनी मलाही बोलावलं. वर एक दगड होता, जमिनीला लागून, बाजेएवढा पसरलेला, राखेच्या रंगाचा. त्याच्याजवळ पोचायच्या आधी बाईंनी बूट काढले आणि सगळ्यांना चपला काढायला लावल्या. काटे होते, गोटे होते, पोरं कुरकुरली. बाई म्हणाल्या, "माझ्या वडिलांनी छप्पन साली एका दिवसात घरातले सगळे देव सोडले. तुम्हाला एक चप्पल सोडता येत नाही?"

मग त्यांनी बाजूला पडलेला एक लहान तुकडा उचलला आणि जिभेनं चाटला.

मी पोरांकडे पाहिलं. पोरं सरावलेली होती. मला वाटलं, परतीचं भाडं आधीच घेतलं असतं तर बरं झालं असतं. बाईंनी तो तुकडा माझ्यासमोर धरला.

"चाटून पाहा, मोतीरामभाऊ."

"मी काय बैल आहो का, बाई?"

"बैल मिठासाठी चाटतो, तो शहाणा. मी वेडी आहे."

मी काही चाटलं नाही. मग त्यांनी दगडाची बाटली काढली, झाकणात थोडं पाणी घेतलं आणि त्या मोठ्या दगडाच्या कोपऱ्यावर सोडलं. राखेचा रंग काळा झाला. आणि त्या काळ्यात पांढऱ्या गोगलगायी उमटल्या. बोटाच्या पेराहून लहान, काही अख्ख्या, काही मधून कापल्यासारख्या, आतलं जिन्यासारखं वळण दिसणाऱ्या. एकीला चिकटून दुसरी. मी खाली बसलो. डोळ्यांदेखत पाणी वाळत गेलं आणि त्या एकेक करून गेल्या. पुन्हा राखेचा दगड.

"कुठं गेल्या?" मी विचारलं.

"कुठं जातात. तिथंच आहेत. आपल्याला दिसत नाहीत एवढंच."

बाईंनी मला समजावून सांगितलं ते असं. फार फार पूर्वी इथं जमिनीतून आग बाहेर आली, तिचा रस सगळीकडे पसरला आणि थंड होऊन काळा दगड झाला. मग ती आग पुष्कळ काळ थांबली. त्या थांबलेल्या काळात तळी झाली, झाडं उगवली, तळ्यात गोगलगायी आल्या. मग पुन्हा आग आली आणि वरून झाकण पडलं. खालचा थर म्हणजे पहिला तास, वरचा थर म्हणजे दुसरा तास, आणि मधली ही मंडळी मधल्या सुट्टीतली. "पोरं सुट्टीत खेळत होती," बाई म्हणायच्या, "आणि घंटाच नाही वाजली." त्या मोठ्या दगडाला त्या 'वर्ग' म्हणत. वर्गावर पाय ठेवायचा नाही, वर्गात थुंकायचं नाही, वर्गातून कोणाला घरी न्यायचं नाही.

हा शेवटचा नियम फार कडक होता. टेकडी उतरलं की गाडीत चढायच्या आधी झडती. आधी स्वतःची पिशवी उलटी करायच्या, साडीचा पदर झटकायच्या, मग आमची पाळी. माझेही खिसे पाहायच्या. मी एकदा रागावलो, म्हटलं, मी ड्रायव्हर आहे, चोर नाही. म्हणाल्या, "भाऊ, मी माझ्यावर पण भरवसा ठेवत नाही, तुमच्यावर काय ठेवू?" मला तो अपमान वाटला. पुढच्या वेळी मी गाडीतून उतरताच खिसे उलटे काढून उभा राहिलो. बाई पोट धरून हसल्या.

एकदा कॉलेजच्या पाहुण्या म्हणून एका मोठ्या साहेबांच्या पत्नी सोबत आल्या होत्या. झडतीला त्यांनी पर्स देताना आढेवेढे घेतले. बाईंनी हात पुढं केला तो मागं घेतलाच नाही. पर्समधून एक गोगलगायींचा तुकडा निघाला, रुमालात गुंडाळलेला. त्या म्हणाल्या, एवढासा तर आहे, असे इतके पडले आहेत. बाई म्हणाल्या, "सगळ्यांनी सोडले म्हणून पडले आहेत, ताई." आणि त्यांना उंच टाचेच्या चपलांसह पुन्हा टेकडी चढायला लावली, तुकडा जिथून उचलला तिथं ठेवायला. मला वाटलं, बाईंची नोकरी गेली. झालं उलटंच. त्या ताईंनीच घरी जाऊन साहेबांच्या मागं टुमणं लावलं आणि टेकडीचा कागद हलू लागला. सरकारनं ती टेकडी संरक्षित करावी म्हणून बाई कित्येक वर्षं अर्ज करत होत्या, ते असं मार्गी लागलं.

ह्याच सुमारास एका पोरीनं मोबाइलवर बाईंचा व्हिडिओ काढला. बाई वर्गासमोर बसल्या आहेत, झाकणात पाणी घेतात, सोडतात, गोगलगायी उमटतात. आणि बाई कॅमेऱ्याकडे पाहून म्हणतात, "या टेकडीवर या. येताना थोडं पाणी आणा. दगडावर टाका आणि बघा, तो तुमच्याशी बोलतो की नाही." बाईंचं हसणं त्यात फार छान आलं होतं. तो व्हिडिओ माझ्याकडे आला, माझ्या सुनेकडे आला, सुनेच्या माहेरी गेला. बाई खूश होत्या. मला म्हणाल्या, "भाऊ, आयुष्यभर चाळीस पोरांच्या वर्गाला शिकवलं, आता सगळं नागपूर वर्गात बसलं."

बसलंच. आधी टेकडी संरक्षित झाली. पाटी लागली, तिच्यावर बाईंचं नाव. तारेचं कुंपण आलं, कुंपणाला मोठं दार आलं, दारापासून वर्गापर्यंत सिमेंटच्या गट्टूंचा रस्ता आला. आणि पायथ्याशी फायबरचा एक डायनोसोर आला, जबडा उघडलेला, हिरवा. उद्घाटनाला बाईंना शाल-श्रीफळ त्याच्याच जबड्याखाली दिलं. बाईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि बाजूच्या साहेबांना विचारलं, हा कोणाचा कोण? साहेब म्हणाले, मॅडम, पब्लिकला मोठं काहीतरी लागतं, गोगलगायीसाठी कोण येईल? फोटोत बाई हसत आहेत, पण शाल अशी धरली आहे की जणू कोणाची तरी परत करायची आहे.

लोक येऊ लागले. माझा धंदा वाढला हे मी लपवत नाही. प्रताप नगरच्या सोसायट्या, मंडळं, भिशीच्या बायका, रविवार म्हटलं की टेकडी. गावातली इंदू आधी तिथं शेळ्या चारायची, तिनं पायथ्याशी टपरी टाकली. उकडलेले चणे, भुट्टे, बोरं, आणि पाण्याच्या बाटल्या. प्यायच्या नाही. ती ओरडायची, "पाणी घ्या वं ताई, दगडावर टाकाले पाणी." लोक दोन-दोन बाटल्या घेऊन वर चढायचे. बाई झाकणभर टाकायच्या, लोक बाटलीच उपडी करायचे. रिकामी बाटली तिथंच. पाण्यानं रंग नीट येत नाही म्हणून कोणी कोल्ड्रिंक ओतलं, ते चिकट झालं, मुंग्या लागल्या. फोटो चमकावा म्हणून कोणी खोबऱ्याचं तेल चोळलं. लग्नाआधीचे फोटो काढणारे यायचे, नवरी वर्गाच्या मधोमध उभी, पायात सँडल. कोणी खिळ्यानं बदाम कोरला. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन थुंकलेलं तर सगळीकडे, आणि खर्र्याच्या पन्न्या कुंपणाच्या तारेला अडकून फडफडायच्या.

मी हे सगळं पायथ्याशी गाडीच्या सावलीत बसून पाहत होतो. लोकांना आणणारा मीच. तेव्हा मला फक्त राग यायचा, आणि राग आला की माणसाला वाटतं आपण त्या लोकांतले नाही.

बाईंना पायाचं दुखणं झालं होतं म्हणून काही महिने त्या टेकडीवर गेल्या नव्हत्या. एका रविवारी म्हणाल्या, आज न्या. मी म्हटलं, रविवारी नको, सोमवारी जाऊ. त्या म्हणाल्या, रविवारीच, मला लोक पाहायचे आहेत. वाटेत फार उत्साहात होत्या.

वर पोचल्यावर त्यांनी सवयीनं बूट काढले. गट्टूंवर काचा होत्या, त्या टाळत पुढं गेल्या. वर्गावर एक कुटुंब उभं होतं, वाढदिवस असावा, लेकराला टोपी घातलेली. दोन तरुण बाटल्या ओतत होते. बाईंनी आधी नीट सांगितलं. मग आवाज चढला. वर्गावरून उतरा म्हणाल्या, पाणी बंद करा म्हणाल्या. त्या तरुणांतला एक जण वळला आणि बाईंना पाहून त्याचा चेहरा फुलला. त्यानं वाकून नमस्कार केला.

"मॅडम, तुम्ही त त्याच न? व्हिडिओवाल्या?"

बाईंनी मान डोलावली.

"आमी तुमच्यामुळंच आलो. हे पाहा." त्यानं मोबाइल काढला, व्हिडिओ लावला आणि बाईंच्या पुढ्यात धरला. येताना थोडं पाणी आणा. दगडावर टाका आणि बघा. बाईंचाच आवाज, बाईंचंच हसणं. बाकीचे लोक जवळ आले. कोणी म्हणालं, अरे, ह्याच त्या. पोरगा वाईट नव्हता. त्याला खरंच आनंद झाला होता. तो बाईंच्या शेजारी उभा राहिला, हात लांब करून त्यानं फोटो काढला. बाई उभ्या राहिल्या. नाही म्हणाल्या नाहीत. आयुष्यभर दुसऱ्याच्या पर्समध्ये हात घालणारी बाई, त्या दिवशी कोणाची झडती न घेता खाली उतरली.

परतताना त्या पुढच्या सीटवर बसल्या नाहीत. सगळ्यात मागं, कोपऱ्यात बसल्या, डोक्यावरून पदर घेऊन. मी आरशातून पाहत होतो. गाडी हळू करायला कुठंच सांगितलं नाही. जरीपटक्याला उतरताना एवढंच म्हणाल्या, "त्यानं काही चुकीचं केलं नाही, भाऊ. मी सांगितलं तेवढंच केलं."

त्यानंतर बाई माझ्या गाडीत कधी पुढं बसल्या नाहीत.

पण दर रविवारी यायच्या. पोतं घेऊन बाटल्या वेचायच्या. लोक त्यांना सफाईवाली समजायचे, त्या तसंच समजू द्यायच्या. पाटीवरचं आपलं नाव काढा म्हणून त्यांनी टेकडी सांभाळणाऱ्या सरकारी खात्याला अर्ज केला. खात्याला वाटलं बाई विनयानं म्हणत आहेत, त्यांनी नाव नव्यानं रंगवून दिलं. बाई त्या पाटीकडे पाठ करून बाटल्या वेचायच्या.

उन्हाळ्यात वर्गाला तडा गेला. मधोमध, हात जाईल एवढा नाही, पण बोट जाईल एवढा. बाई पोटावर झोपून त्या दगडाखाली भिंगातून पाहत होत्या. मला बोलावलं आणि दाखवलं. वरचा दगड कडक, पण तो पिवळ्या चिकण मातीवर टेकलेला. वरून रोज ओतलेलं पाणी भेगांतून खाली जाई, माती फुगे, मग आपलं नागपूरचं ऊन, ती सुकून आक्रसे, थोडी थोडी वाहून जाई. खाली पोकळ झालं, वर माणसं उभी. "चिखलात पाट मांडला आणि जेवणारा बसल्यावर बाजूनं पाणी सोडलं," बाई म्हणाल्या, "असं मी केलं." मी म्हटलं, तुम्ही कशाला, लोकांनी केलं. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा भिंगाला डोळा लावला. आणखी दोन पावसाळे हे असंच चाललं तर वर्गाचे तुकडे होतील आणि तुकडे लोकांच्या पर्समध्ये जातील, एवढं मलाही दिसत होतं.

मग बाईंनी ठरवलं की वर्ग पुरायचा. मला वाटलं डोकं फिरलं. पण ती रीत आहे म्हणे. जी गोष्ट उघड्यावर टिकत नाही ती मऊ मातीखाली झाकून ठेवायची, पुढच्या कोणाला अक्कल येईल तेव्हा तो उघडेल. खात्यातल्या एका नव्या साहेबांना ते पटलं. ते म्हणाले, आमची हरकत नाही, पण गावाची पाहिजे. गावात लोकांच्या चार टपऱ्या, पार्किंग, सगळं त्या दगडावर उभं होतं.

ग्रामसभेला मी बाईंना घेऊन गेलो आणि दाराशी उभा राहिलो. सरपंच चांगला माणूस, त्यानं बाईंना खुर्ची दिली, चहा दिला आणि मग सरळ विचारलं की बाई, लोक तुम्हीच आणले, आता दगड झाकला तर लोक कशाला येतील? बाई काही बोलायच्या आत मागून इंदू उठली.

"बाई, तुमच्याआधी मी त्या टेकडीवर होती. शेळ्या घेऊन. कोणी कुत्रं येत नव्हतं. तुम्ही लोक आणले, मी म्हटलं, चला, बरं झालं, दोन पैसे भेटतीन. आणाच्या आधी तुम्ही आमाले विचारलं नाही. आता हाकलाच्या आधी सांगाले आल्या."

बाई खुर्चीवरून उठल्या. कॉलेजात, गाडीत, साहेबांसमोर त्या नेहमी पुस्तकातली मराठी बोलायच्या. त्या दिवशी मी त्यांच्या तोंडून त्यांच्या आईची भाषा ऐकली.

"नाही विचारलं वं, इंदू. मले वाटलं, मले आवडते त सगळ्याइले दाखवावं. त्याच्यात माहीही हौस होती, नाही कशी म्हणू. बाईचं नाव झालं, व्हिडिओ झाला, पाटी झाली. तो दगड आग सोसून राहिला अन् माह्या शिकवण्यानं फुटला. मले लाज वाटते. तुह्यासमोर उभी राहाले लाज वाटते, त्याच्यासमोर उभी राहाले त्याच्याहून जास्त वाटते." मग थांबून म्हणाल्या, "तुह्या टपरीचं माह्याजवळ उत्तर नाही."

इंदू खाली बसली नाही. दोघी समोरासमोर उभ्या. सरपंचानं घसा खाकरला. मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं की मग त्या हिरव्या घोरपडीचं काय करता, तेही गाडता काय? लोक हसले. आणि बाई, डोळे पुसत पुसत, त्याही हसल्या.

"त्याले राहू द्या. त्याच्यावर कितीही पाणी टाका. त्याचं काही बिघडत नाही."

हसणं थांबल्यावर इंदू म्हणाली, खरं म्हटलं तर निम्मे लोक वर चढतच नाहीत, डायनोसोरच्या जबड्यात लेकरू ठेवून फोटो काढतात आणि भुट्टा खाऊन जातात. सरपंच म्हणाला, मग दार वरच्या रस्त्याला लावू, खालची जागा खुली ठेवू. सभेनं हो म्हटलं. इंदू बाईंजवळून जाताना थांबली आणि म्हणाली, "पाण्याच्या बाटल्या मीच विकल्या न, बाई. थोडी लाज माह्याकडंही ठेवा." बाईंनी तिचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

वर्ग झाकायच्या दिवशी खात्याची माणसं होती, गावातली होती, बाईंचे दोन-चार जुने विद्यार्थी होते. आधी दगडावरचं सगळं मऊ ब्रशनं झाडलं. तडा भरला. मग जाड पांढरं कापड अंथरायचं होतं, त्यावर चाळलेली माती, त्यावर मुरूम. कापड अंथरायच्या आधी एका विद्यार्थ्यानं बाटली काढली. शेवटचं एकदा ओलं करू, मॅडम, एक फोटो. सगळ्यांनाच तसं वाटत होतं, मलाही वाटत होतं. बाईंनी मान हलवली.

"नको. कोरडाच जाऊ दे."

तर तो तसाच गेला, राखेच्या रंगाचा, काही न दाखवता. मातीचं पहिलं घमेलं बाईंनी हातानं पसरलं, पोळीवर तूप पसरावं तसं, हळू, कडेपर्यंत. बाकीच्यांनी आपापली घमेली ओतली. दुपार टळेपर्यंत तिथं साधा उंचवटा झाला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

परतीच्या वाटेवर एका लहान पुलाजवळ बाई मागून म्हणाल्या, भाऊ, गाडी थांबवा, हात धुवायचे आहेत. पुलाखाली नाला होता, थोडं पाणी होतं. कोणता पूल, कोणता नाला, ते जाऊ द्या. मी म्हटलं, कॅनमध्ये पाणी आहे गाडीत. त्या उतरून गेल्यासुद्धा. मी पुलाच्या कठड्याला टेकून पाहत होतो. बाईंनी हात धुतले, तोंड धुतलं. मग काठाला वाकल्या, पाण्यातला एक सपाट दगड उलटला आणि तशाच वाकलेल्या राहिल्या. किती वेळ ते सांगता येत नाही. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, वर माझ्याकडे नाही पाहिलं. दोन्ही हातांनी दगड धरून, जसा होता तसा, पालथा ठेवला. त्यावर ओंजळीनं गाळ सारला. काठावरची पाऊलखूण पायानं पुसली आणि वर आल्या.

"काही होतं का तिथं, बाई?"

"कुठं?" बाई म्हणाल्या.

मग त्या मागं जाऊन बसल्या. जरीपटक्याला गल्लीच्या तोंडाशी उतरल्या, दरवाजा हळू लावला, मातीनं भरलेले बूट हातात घेऊन अनवाणीच घरी गेल्या. भाजीवाल्याच्या ठेल्याला वळसा घालून दिसेनाशा झाल्या. तीच माझी त्यांची शेवटची भेट. त्याच आठवड्यात त्या चंद्रपूरला गेल्या.

वर्ग झाकला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी प्रताप नगरचं एक कुटुंब ठरलेलं होतं. म्हातारे आजोबा, दोन सुना, लेकरं, डबे, चटई. मी म्हटलं, तिथला दगड झाकला, आता खाली डायनोसोर आहे तेवढा. लेकरांची तोंडं उतरली. मोठी सून म्हणाली, आम्ही त्या गोगलगायींसाठीच निघालो होतो, पोरांना व्हिडिओ फार आवडला. आजोबांनी मला बाजूला घेतलं. तुम्ही त्या बाईंसोबत इतकी वर्षं फिरले, भाऊ, अशी दुसरी एखादी जागा तुम्हाला नक्कीच माहीत असेल.

आयुष्यभर मी नागपूरच्या चारी बाजूंचे रस्ते चारचौघांत सांगत आलो. बसवणं माझं काम, पोचवणं माझं काम.

"मले नाही मालूम," मी म्हटलं.

आजोबा म्हणाले, ड्रायव्हर असून मालूम नाही?

नाही म्हटलं, आणि गाडी रामटेकच्या रस्त्याला लावली.